भावाने न पाहिलेला संसार

पाऊस आला आणि बँडवाले धावत चर्चच्या हॉलमध्ये शिरले. त्या गडबडीत एकाच्या ट्रॉम्बोनची लांबलचक नळी लुसेआनेच्या हातातल्या ताटाला लागली, आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पुड्या थेट त्याच्याच पांढऱ्या शर्टावर जाऊन पडल्या.

"बघून चालता येत नाही?" ती कडाडली.

"बघूनच चालत होतो," तो म्हणाला. "म्हणून तर धडकलो."

द्राक्षं तोडणीला आलेली असताना पाऊस म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनवेल गावात सुतकच. हॉलमधली एकूण एक माणसं माना वर करून पत्र्याकडे बघत होती, आता मळ्यात काम राहतं की जातं या धास्तीने. फक्त ही दोघं छताकडे बघत नव्हती. त्याने शर्टावरची पुडी उचलली, उघडली आणि उभ्या उभ्या खाल्ली.

"तुझ्या हातची?"

"आत्याच्या हातची. माझ्या हातची असती तर शर्टालाही चव आली असती."

त्याचं नाव सेमिसी. टोंगामधल्या हापाई बेटांवरचा. चर्चसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरणाऱ्या बँडमधला. लुसेआनेचा जन्म मात्र इथलाच, मरे नदीच्या काठचा. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये ती मुकादम होती आणि तिच्या हाताखालच्या बायका तिला जाम टरकून असत.

वाजवणाऱ्याचं कौतुक टाळ्या वाजवून करायचं, ही गोऱ्या लोकांची रीत. आमच्याकडे, टोंगन लोकांत, नाचत पुढे जायचं आणि नोट त्याच्या अंगाला चिकटवायची. लुसेआने गेली आणि तिने नोट चिकटवली ती सेमिसीच्या फुगलेल्या गालावर. बिचाऱ्याला हसताही येईना, वाजवताही येईना. ट्रॉम्बोनमधून म्हशीसारखा एक आवाज निघाला आणि अख्खा हॉल फिदीफिदी हसला.

"माझा सूर घालवलास तू," कार्यक्रमानंतर तो म्हणाला.

"तो आधीच गेलेला होता. मी फक्त लोकांच्या लक्षात आणून दिलं."

बँड पुढच्या गावाला गेला. सेमिसी मात्र गावातल्याच आपल्या मामाच्या घरी मुक्कामाला राहिला, पाहुणा म्हणून मिळालेल्या परवानगीवर. मामाच्या कुंपणाला काम होतं म्हणे! त्या कुंपणाची एक फळी हिवाळा आला तरी बसली नव्हती. सेमिसी रोज संध्याकाळी पॅकिंग शेडच्या फाटकाशी कोणाची तरी वाट बघत उभा असे. कोणाची, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं... तिच्या भावाला सोडून.

म्हणजे ठाऊक त्यालाही असणार. पण आमच्यात वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत बसत नाहीत, एकत्र टीव्ही बघत नाहीत, आणि प्रेमाबिमाची गोष्ट तर एकमेकांच्या कानावरही पडू देत नाहीत. यात दुरावा नसतो, मान असतो. केलेपी, तिचा थोरला भाऊ, दारूच्या अड्ड्यावरून दोन माणसं दोन्ही बगलांत धरून आणू शकेल एवढा दांडगा. पण बहीण स्वयंपाकघरात असली तर दाराबाहेर खाकरायचा, ती उठून गेली की मगच आत यायचा. आईवडील गेल्यावर घरात ती, तो आणि ताउफा आत्या अशी तिघंच होती. केलेपीची खोली पॅसेजच्या टोकाला होती.

हिवाळ्यात लग्न झालं. त्याच संध्याकाळी, पाहुणे अजून जेवत असताना, केलेपीने आपली गादी खांद्यावर टाकली आणि गॅरेजमध्ये नेऊन आपटली. घरात आता बहिणीचा नवरा आला होता. त्या दिवसापासून केलेपीने उंबरा ओलांडला नाही. त्याचं ताट आत्या बाहेर नेऊन देई.

मग सेमिसीला इथे कायम राहता यावं म्हणून सुरू झाली कागदपत्रं.

नवरा-बायको असल्याचं सरकारला पटवणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. लग्नाचा दाखला पुरत नाही. एकत्र राहता का, एकत्र खर्च करता का, एकमेकांवर जीव आहे का... सगळ्याचे पुरावे द्यायचे. लुसेआनेने फोटोंचा ढीग काढला आणि एकेक बघू लागली. प्रत्येक फोटोत सगळं गणगोत, कमरेला मानाच्या चटया गुंडाळलेले म्हातारे, समोर भाजलेली डुकरं. एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला तो. मोठ्यांसमोर नवऱ्याच्या गळ्यात पडून फोटो कोण काढणार?

"हे बघून कोण म्हणेल आपलं लग्न झालंय?" ती म्हणाली.

"मांडवाचे दोन खांब वाटतोय आपण," सेमिसी म्हणाला. "पण मांडव पडला नाही ना अजून?"

तिला हसू आलं, पण क्षणभरच. अर्ज नाकारला गेला तर त्याला देश सोडावा लागणार होता. मग तिकडून पुन्हा अर्ज, पुन्हा वर्षानुवर्षं वाट, आणि कपाळावर एकदाच्या नकाराचा शिक्का. शेडमध्ये फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावे.

त्यात साक्षीदार हवे होते, या दोघांचा संसार खरा आहे असं शपथेवर लिहून देणारे.

"केलेपीची सही घ्यायची," ताउफा आत्याने निकाल दिला. आमच्यात बापाच्या बहिणीचा शब्द म्हणजे शब्द.

"आत्या, दादाची?" लुसेआने चाचरली.

"मग काय वाण्याची घेणार? बहिणीच्या लग्नाला भावाची सही नाही म्हटल्यावर लोक शेण घालतील तोंडात. घराण्याची अब्रू आहे!"

मजकूर आत्यानेच सांगितला, सही केलेपीने गॅरेजच्या दारात उभ्याने केली. कागदावर काय आहे ते त्याने वाचलंही नाही. बहिणीच्या संसाराचं वाचायचं कसं? सगळ्यांना वाटलं, पाया भक्कम झाला. या माणसाला कोणी प्रश्नही विचारू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

कचेरीतून फोन आला तेव्हा केलेपी बदामाच्या बागेत कामावर होता. त्या दिवशी तो घरी आला, गॅरेजचं दार लावून बसला आणि ताट तसंच परत आलं. आत्याने खूप खोदून विचारलं, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग ते पत्र आलं. लुसेआने स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचू लागली. तुमच्या साक्षीदाराला, म्हणजे तुमच्या सख्ख्या भावाला, आम्ही विचारलं. त्यांनी सांगितलं की या दोघांना त्यांनी कधी एकत्र बसलेलं पाहिलं नाही. सेमिसी कुठे झोपतात ते त्यांना माहीत नाही. दोघांचं प्रेम आहे का, असं विचारल्यावर त्यांनी 'मला यातलं काही ठाऊक नाही' म्हणून फोन ठेवला. यावर तुमचं म्हणणं मांडायला मिल्ड्युरा शहरातल्या कचेरीत मुलाखतीला यावं...

"मेल्याने घात केला!" आत्या ओरडली. मग तिचा हात हळूहळू तोंडावर गेला. "पण... खरं तेच सांगितलं की गं त्याने."

चूक त्याची सही घेणाऱ्यांची होती, हे आत्या, लुसेआने आणि सेमिसी तिघांनाही कळलं.

संध्याकाळी लुसेआने मागच्या पायरीवर बसली होती. सेमिसीने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून. बाजूलाच, घराच्या भिंतीला लागून, गॅरेज होतं.

"मी आपणहूनच परत जातो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "नाहीतर केलेपीला बोलावून घेतील. सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल नको नको ते विचारतील. तो लाजेने मरेल गं."

"तुला जायचंय?"

"जायचं असतं तर एवढी भीती वाटली असती का?"

ती कपाकडे बघत राहिली. चर्चमध्ये बायका कुजबुजत, ते तिला ऐकू येत नसे असं थोडंच होतं? 'पोराने पोरीशी नाही, पासपोर्टशी लग्न लावलंय.' ती हसण्यावारी न्यायची. पण कुसळ आत गेलं होतं. सेमिसीने तिच्यासाठी काय केलं नव्हतं? पहाटे तिचे बूट चुलीपाशी ऊब घ्यायला ठेवायचा, तिची पाठ दुखली की न सांगता शेक आणून द्यायचा. एक गोष्ट मात्र त्याने कधी तोंडाने म्हटली नव्हती. घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या, आणि पलीकडे तिचा भाऊ. अशा घरात ते म्हणायचं तरी कसं?

"सेमिसी... एक विचारू? खरं सांगशील? तुझं माझ्यावर—"

गॅरेजमधून खाकरण्याचा आवाज आला. सेमिसी उठला आणि उगाचच अंगणातले वाळलेले कपडे काढू लागला. लुसेआनेला वाटलं, बरंच झालं. उत्तर नको असलेलं आलं असतं, तर तिने काय केलं असतं?

मुलाखतीचा दिवस आला. मिल्ड्युराची कचेरी म्हणजे एक लांब बोळ आणि अर्ध्या काचेच्या दारांच्या खोल्या. मेलबर्नहून आलेली अधिकारीण पन्नाशीची होती. डोळे थकलेले, बोलणं मऊ. त्या मऊपणाचीच लुसेआनेला जास्त भीती वाटली. सेमिसीला आधी विचारून बाहेर बसवलं होतं. आता हिची पाळी होती.

पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपता? काल रात्री काय जेवलात? त्यांना कशाचा राग येतो? लुसेआने उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तरासरशी मनात म्हणत होती, त्यानेही हेच सांगितलं असू दे रे देवा.

"त्यांनी तुम्हाला कधी सांगितलंय का, की त्यांचं तुमच्यावर प्रेम आहे?"

हो म्हणावं... हो म्हणणं किती सोपं होतं! कोणती बायको नाही म्हणेल?

"नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "कधीच नाही."

अधिकारीणबाईंनी काहीतरी लिहिलं. "आणि तुमचे भाऊ म्हणतात, त्यांना काही माहीत नाही."

"मॅडम, त्याला माहीत नसायलाच हवं!" लुसेआनेचा बांध फुटला. "भावाने बहिणीचा संसार डोळ्यांनी बघायचा नसतो आमच्यात. तो म्हणाला असता ना, की हो, मी दोघांना लाडात बसलेलं पाहिलंय, तर तुम्ही त्याला खोटारडा म्हणायला हवं होतं."

"असं तुम्ही आता म्हणताय. नंतर सुचलेलं कारण वाटू शकतं हे."

"मग त्याला एवढंच विचारा की तो गॅरेजमध्ये का झोपतो. घरात त्याची स्वतःची खोली आहे, पलंग आहे. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली अंगाची लाही होते. आमचं लग्न नाटक असतं, तर तो पाहुण्यासाठी कशाला घर सोडेल? पाय पसरून हॉलमध्ये रग्बी बघत बसला असता. ज्या दिवशी आमचं लग्न झालं, त्या दिवशी तो बाहेर गेला. आणखी कसला पुरावा देऊ मी?"

इतकं ती आयुष्यात कधी भावाबद्दल परक्यासमोर बोलली नव्हती. आपण काय करून बसलो, या विचाराने तिने जीभ चावली. तेवढ्यात दाराच्या काचेत एक भलीमोठी सावली उभी राहिली.

केलेपी होता. काळा कोट, गळ्यात टाय, कमरेला बापाची जुनी चटई, जी तो फक्त मयताला आणि राजघराण्यातलं कोणी आलं तरच बांधायचा. मागे ताउफा आत्या, पदराने नाही पण हातातल्या पंख्याने तोंड झाकून. त्याने आत पाहिलं, बहीण दिसली, आणि त्याची नजर खाली फरशीवर गेली.

"मला बोलायचंय," तो फरशीला म्हणाला. "पण... ती इथे असताना नाही."

लुसेआने उठली. मान खाली घालून त्याच्या बाजूने निघाली. दारात क्षणभर दोघं इतकी जवळ आली, जितकी लहानपणानंतर कधी आली नव्हती. त्याने हातातली टोपी पार चुरगाळली होती. हा माणूस बदाम पाडायला अख्खी झाडं मुळापासून हलवतो, आणि आज बहिणीपायी पानासारखा कापतोय, हे बघून तिला हुंदका आवरेना.

बाहेर बाकावर ती आणि सेमिसी. आत्या डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होती. काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. अधिकारीणबाईंनी काहीतरी विचारलं. केलेपीने खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून बोलू लागला. त्याचे कान लालबुंद झाले होते. बराच वेळ तो बोलत राहिला. बाईंचं पेन केव्हाच थांबलं होतं.

तो काय बोलला ते लुसेआनेला आजतागायत ठाऊक नाही. तिने विचारलं नाही आणि तो सांगणार नाही.

शेवटी दोघांना आत बोलावलं.

"निर्णय मी आज सांगू शकत नाही," अधिकारीणबाई म्हणाल्या. "तो कळवला जाईल." मग त्यांनी चष्मा काढला. "बऱ्याच वर्षांपासून हे काम करतेय मी. नवऱ्याने प्रेम असल्याचं सांगितलंय का, या प्रश्नाला खोटी जोडपी पटकन हो म्हणतात, दोघंही. तुम्ही दोघंही नाही म्हणालात. आणि दोघंही रडवेली झालात."

लुसेआनेने सेमिसीकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

दोघं बाहेर आली तेव्हा भुरभुर पाऊस पडत होता. केलेपी आत्याला घेऊन आपल्या गाडीत बसला होता, काचा वर, रेडिओवर भजनं मोठ्याने लावलेली. लुसेआने आपल्या गाडीची किल्ली शोधत होती आणि ती पर्समध्ये सापडत नव्हती.

"थांब," सेमिसी म्हणाला.

"घरी जाऊ या. मला थंडी वाजतेय."

"आत्ताच बोलायचंय मला. घरी नको, उद्या नको. निर्णय यायच्या आत." त्याचा आवाज फुटत होता. "उद्या होकार आला आणि मग मी म्हटलं, तर तुला जन्मभर वाटत राहील की कागद मिळाला म्हणून म्हणतोय. नकार आल्यावर म्हटलं, तर वाटेल की तू पुन्हा अर्ज करावास म्हणून. आत्ता काहीच ठरलेलं नाही. आत्ता म्हटलेलंच खरं."

"काय?" तिने विचारलं. काय ते तिला कळलं होतं, तरीही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, लुसेआने. त्या दिवशी पाऊस नसता आला तरी मी तुझ्यावरच येऊन धडकलो असतो. मला हा देश नाही दिला तरी चालेल. तुला सोडून राहावं लागेल, या एकाच गोष्टीला मी भितो. इतका भितो की तोंडातून शब्द फुटत नव्हता गं."

ती हुंदके देत रडू लागली. ते कुसळ, इतके महिने सलणारं, निघून गेलं होतं.

"आणि नाही म्हणाले तर?" तिने नाक पुसत विचारलं.

"तर मी हापाईला. तू इथे. फोन करू... पुन्हा अर्ज—"

"कोण इथे? मी?" तिने त्याच्या छातीवर एक गुद्दा हाणला. "अरे मूर्खा, मी काय तुला बोटीवर बसवून हात हलवत घरी येणार होते? मीही येईन हापाईला. आईवडिलांचं घर सोडीन, शेड सोडीन. तिथे कोणाला मुकादम लागत नसेल तर तुझ्यावर मुकादमी करीन!"

हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेली तेव्हाच तिला कळलं की हे खरं आहे. इतके महिने ती एकाच गोष्टीला भीत होती, की त्याला पाठवतील. पाठवलं तर आपण मागे राहायचं, हे मात्र तिचं तिनेच गृहीत धरलं होतं; तसं कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्याने तिला भर पावसात, सरकारी कचेरीच्या दारात, मिठीत घेतलं. पलीकडच्या गाडीत केलेपीने टोपी डोळ्यांवर ओढली आणि भजनांचा आवाज आणखी वाढवला.

होकार आला तो पानगळीत, एका दुपारी. आत्याने तो दोनदा वाचून घेतला आणि ताट घेऊन गॅरेजकडे गेली. ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "काही बोलला नाही," ती म्हणाली. "जेवला, आणि आडवा झाला."

थोड्याच वेळात भर दुपारी, भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येऊ लागला. असा की खिडकीची तावदानं थरथरावीत. किती दिवसांनी झोपला होता कोणास ठाऊक. स्वयंपाकघरात लुसेआने आणि सेमिसी कान देऊन ऐकत राहिली.

"झोपला," ती पुटपुटली.

"गाढ," सेमिसी म्हणाला. मग तो तिच्याजवळ आला आणि ते चार शब्द त्याने पुन्हा म्हटले... तिच्या आईबापाच्या घरात, भर उजेडात आणि अजिबात आवाज न दाबता.